अखाजी आणि इमोला

यंदाच्या शर्यतींच्या यादीतून इमोला गेलं.

इमोला हे इटलीतलं एक लहान गाव. तिथे मोटारींच्या शर्यतीचा जुना रस्ता आहे. नदीच्या कडेनं निघतो, झाडीतून टेकडीवर चढतो, पुन्हा उतरतो. मी तिथे कधी गेलो नाही, आता जायला काही कारणही उरलेलं नाही. धुळ्याला आमच्या गल्लीत मी कुणाला सांगितलं, की सातासमुद्रापार एका रस्त्यावर यंदा गाड्या पळणार नाहीत आणि त्याचं मला वाईट वाटतं, तर माणसं जरा वेळ माझ्याकडे बघतील आणि कापसाच्या भावावर बोलायला लागतील. म्हणून मी सांगत नाही. सांगण्यासारखं माणूस एकच होतं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी घराच्या वरच्या खोलीत गेलो. दुसऱ्या दिवशी सावद्याला अक्काच्या घरी जायचं होतं. बायकोनं सांजोऱ्या तळून डब्यात भरल्या होत्या आणि डब्यासाठी पिशवी हवी होती. पिशवी खुंटीला होती. ती हातात घेऊन मी तिथेच खाटेवर बसून राहिलो.

त्या खोलीत आता खाटेशिवाय काही नाही. वर पत्रा, भिंतीवर टीव्हीच्या कपाटाच्या जागी रंगाचा फिका चौकोन, खिडकीच्या चौकटीला केबलच्या तारेसाठी पाडलेलं भोक. उन्हाळ्यात त्या खिडकीत कूलर असायचा. ओल्या वाळ्याचा तो वास अजूनही कुठे आला, एखाद्या लग्नाच्या मांडवात, हायवेवरच्या ढाब्यात, की माझ्या कानात लांबून गाडी यायला लागते. आधी डासासारखी, मग भुंग्यासारखी, मग एकदम अंगावर येऊन निघून जाते. तिच्या मागे जी शांतता उरते ती मला त्या आवाजापेक्षा जास्त ओळखीची आहे.

आमचे वडील, नाना, पारोळा रोडला ट्रकची इंजिनं उतरवून दुरुस्त करायचे. संध्याकाळी घरात डिझेलचा वास आधी शिरायचा, नाना मागून. त्यांच्या नखांतला काळा रंग दिवाळीच्या उटण्यानंही गेला नाही. माझी बहीण अक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. नानांचा डबा घेऊन ती शेडवर जायची आणि कुणी हाकलेपर्यंत तिथेच एका उलट्या टायरवर बसायची. पान्याला हात लावायला नाना देत नसत. पण दुरुस्त झालेलं इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं, धूर ओकायचं, आणि मग हळूहळू त्याचा दम एका लयीत लागायचा, तेव्हा अक्का डोळे मिटून घ्यायची. देवळात सुद्धा मी तिला तसे डोळे मिटताना पाहिलं नाही.

गल्लीत केबल आली तेव्हा तिनंच ती शर्यत शोधून काढली. चॅनल फिरवता फिरवता एका ठिकाणी तिचा हात थांबला. कुठल्याशा हिरव्या देशातल्या रस्त्यावर रंगीत, बुटक्या, चार चाकं उघडी असलेल्या गाड्या एकमेकींचा पाठलाग करत होत्या. सांगणारा माणूस इंग्रजीत ओरडत होता, त्यातलं आम्हाला काही कळत नव्हतं. अक्कानं आवाज वाढवला, आणि त्या दिवसापासून आमचे रविवार ठरून गेले.

पुढे आमचं वर्षच त्या रविवारांना टांगलं गेलं. होळीची राख थंड होते न होते तोच ऑस्ट्रेलिया. ती शर्यत सकाळी असायची, चहाबरोबर. अखाजीच्या सुमाराला इमोला. मे महिन्यात गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नसे तेव्हा मोनॅको, आणि त्या निळ्या समुद्राकडे आम्ही घामेजल्या अंगानं बघत बसायचो. श्रावणात आमची कानबाई देवी रविवारीच बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या वासात हंगेरीची शर्यत असायची आणि आई खालून हाका मारायची. पोळ्याला बेल्जियम. तिथे हटकून पाऊस, आणि आमच्या गल्लीतही बैलांच्या शिंगांचा ओला रंग ओघळलेला. गणपतीत मॉन्झा, नवरात्रात जपान. जपान झालं की वर्ष संपलं. मग थंडी, कापसाच्या गाड्या आणि काहीच नाही. अक्का म्हणायची, बाकीच्यांचं पंचांग भिंतीवर असतं, आपलं वर पत्र्याच्या खोलीत.

एका इमोलाच्या रविवारी तिथे एका फार मोठ्या शर्यतपटूचा जीव गेला. आम्ही बघत होतो. गाडी वळणावर वळलीच नाही. सरळ गेली, भिंतीला लागली, थांबली. त्यानंतर बराच वेळ आकाशातून दाखवत राहिले. खाली हिरवळ, भोवती जमलेली माणसं, एक पांढरी चादर धरलेली. नाना जिन्यात उभे होते. त्यांनी घाटात उलटलेल्या ट्रकांच्या केबिनी कापून माणसं काढली होती, त्यांना लगेच कळलं.

"बंद कर ते. मानूस मरी गया," ते म्हणाले, आणि स्वतः पुढे येऊन त्यांनी बटण फिरवलं.

त्या रात्री अक्का जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात जाऊन सगळी वर्तमानपत्रं चाळून आली. एका मराठी पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. गावात कुणालाच काही नव्हतं. बाजार भरला होता, बायका झोक्यासाठी दोर विकत घेत होत्या. जिन्यात बसून तिनं मला विचारलं, "पुढली शर्यत व्हई ना रे, भाऊ?"

मी म्हटलं, होईल. ती झाली. आम्ही ती बघितलीही, पण आधीसारखं ओरडलो नाही.

काही वर्षांनी तिचं लग्न ठरलं. स्थळ सावद्याकडचं, केळीबागांचं घर. माणसं कष्टाची होती, वाईट नव्हती. दाजी तर अबोलच. तिकडची बोली वेगळी, हवा वेगळी. आमच्याकडे उन्हानं तडकलेली काळी जमीन, तिकडे बागेत पाऊल टाकलं की डोक्यावर हिरवा अंधार आणि पायाखाली ओल. टीव्ही बैठकीत होता, आणि बैठक सासऱ्यांची. रविवारी संध्याकाळी तिथे व्यापारी बसायचे, गाडी किती भरली, माल कधी कापायचा ते ठरायचं. सून तिथे जाऊन मोटारींच्या शर्यती बघणार हे कुणाच्या मनात येण्याजोगं नव्हतं. कुणी मनाई केली असंही नाही. मनाई करायला आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि तिनं कधी विचारलं नाही.

अखाजीला मी मुऱ्हाळी होऊन तिला माहेरी आणायला जायचो. पहिल्या वर्षी ती एसटीत खिडकीशी बसली, एरंडोल जाईपर्यंत बोलली नाही, आणि मग एकदम कोण कुठल्या गाडीत गेलं, कुणाचा करार संपला ते विचारत सुटली. तिच्या साडीवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग होते. तो डाग कापड फाटलं तरी निघत नाही, ती म्हणाली. गल्लीत पोरीबाळी गौराईची गाणी म्हणत असायच्या, लिंबाला झोके बांधलेले, घराघरात आमरसाचा वास. तिच्या मैत्रिणी खालून बोलवायच्या. ती वर, कूलरसमोर, गुडघे पोटाशी घेऊन इमोला बघत असायची. लोकांना वाटे, पोरीला सासरी त्रास असेल, म्हणून कोपरा धरून बसते. आई तर एकदा रडलीसुद्धा. अक्कानं तिला समजावलं की तसं काही नाही. पण नेमकं कसं आहे ते तिला सांगता आलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या अखाजीला तिच्या तोंडात आमच्या अहिराणी 'शे'च्या जागी तिकडचं 'हाये' यायला लागलं होतं. तिचं तिलाच ते कळलं तेव्हा ती हसली.

वर्षातल्या बाकीच्या शर्यती मी तिला फोनवर सांगायचो. आधी बैठकीतला फोन होता, तेव्हा दोन वाक्यांत निकाल. मग तिच्याकडे मोबाइल आला. रविवारी शर्यत संपली की मी वरच्या खोलीतून लावायचो आणि ती मागच्या दारी जायची, जिथे कापलेल्या केळीचे खुंट पडलेले असत. "सांग, भाऊ. बठ्ठं सांग," म्हणायची. माझ्याशी बोलताना मात्र ती पुन्हा धुळ्याची व्हायची. मी सुरुवातीच्या दिव्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत सांगायचो, चाकं कधी बदलली, पाऊस कुठल्या वळणावर आला, कोण चिडला. ती मध्ये एखादाच प्रश्न विचारायची. मागे कोंबड्या, पंपाचा आवाज, वाऱ्यात फाटणारी केळीची पानं. कधी कधी मला वाटे, मी बघतो ती शर्यत आणि तिला दिसते ती शर्यत वेगळी आहे, आणि तिची जास्त चांगली आहे.

मग इमोला यादीतून गेलं. पहिल्यांदा गेलं ते तेव्हा. रस्ता जुना झाला, जागा अपुरी, असं काहीतरी वाचलं होतं. त्याच वर्षांत नाना गेले, शेड गेली, तिथे गाळे उभे राहिले. अक्काची सासू अंथरुणाला खिळली आणि अखाजीला येणं आधी चार दिवसांचं, मग एका दिवसाचं झालं, मग राहिलंच. एकेक जुना रस्ता निघत गेला. फ्रान्स गेलं, जर्मनी गेलं. त्यांच्या जागी वाळवंटात दिव्यांच्या उजेडात गाड्या पळायला लागल्या, समुद्र भरून केलेल्या जागांवर. त्यांची नावं आम्हा दोघांनाही धड घेता येत नसत. अक्का म्हणाली, या रस्त्यांवर झाडं कुठे आहेत?

मध्येच एकदा ती शर्यत आपल्या देशात आली. दिल्लीजवळ, दिवाळीच्या मागेपुढे. भाऊबीजेला आम्ही ठरवलं की जायचं. भुसावळहून दिल्लीची गाडी मिळते, बाकी काय लागतं. आयुष्यात एकदा तो आवाज कानानं ऐकायचा, टीव्हीतून नाही. त्या वर्षी बागेची कापणी आली. पुढल्या वर्षी सासूचं दुखणं वाढलं. त्याच्या पुढल्या वर्षी मीच कामात अडकलो. मग दिल्लीचीही शर्यत बंद झाली. मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे पंपाचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, जाऊ दे, आणि बेल्जियमचं विचारलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षी इमोला आपल्या जुन्या मोसमात परत आलं, आणि तेही चैत्रात, अखाजीच्या अंगणात असावं तसं. अक्काला मी यादी निघाली तेव्हाच सांगितलं होतं. बऱ्याच वर्षांनी तिच्या आवाजात मुलगीपण ऐकलं. यंदा येतेच, ती म्हणाली, एकत्र बघू.

त्या रविवारी ती जळगावला एका दवाखान्यात होती आणि मी आमच्या घरी याच वरच्या खोलीत कोंडलेला. मलाही तोच ताप. बायको ताट जिन्यात ठेवून जायची. हायवे मुका झालेला, रुग्णवाहिका तेवढ्या ऐकू यायच्या, त्याही इतक्या की कान त्यांना सरावले. दाजी दवाखान्याबाहेर लिंबाखाली बसून होते, आत कुणाला सोडत नव्हते. संध्याकाळी शर्यतीच्या आधी अक्काचाच फोन आला. आवाज ओळखू येईना. प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती.

"भाऊ, तठे पानी पडी ऱ्हायनं का?"

मी टीव्हीकडे बघितलं. खरंच इमोलाला पाऊस होता. हो म्हटलं. ती म्हणाली, सांग.

मी सांगत गेलो. माझाही दम लागत होता. गाड्यांमागे पाण्याचे लोट उठत होते, चालवणाऱ्यांना पुढचं काही दिसत नसेल. एक काळी गाडी रस्त्यावरून घसरली, भिंतीपाशी अडकली, मागे घेत घेत पुन्हा रस्त्यावर आली, पण तोवर सगळे पुढे निघून गेले होते. अक्काच्या बाजूनं पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा एकसारखा आवाज येत होता. तो प्राणवायूचा आवाज, हे मला नंतर कळलं. मग दोन गाड्या एकमेकींना भिडल्या आणि त्यांचे तुकडे रस्ताभर विखुरले. लाल झेंडा दाखवला. शर्यत थांबली.

मी म्हटलं, अक्का, थांबवलीय शर्यत. आता तू आराम कर, सुरू झाली की लावतो.

"थांबू नको," ती म्हणाली. "काईबी सांग."

सांगायला काही नव्हतं. गाड्या एका रांगेत ओल्या रस्त्यावर उभ्या होत्या. माणसं हेल्मेट काढून छत्र्यांखाली बसली होती. कुणी रस्ता झाडत होतं. मी तेच सांगितलं. झाडं सांगितली, टेकडीवरचं ढगाळ आभाळ सांगितलं, नदी दिसत नव्हती तरी सांगितली. शर्यत पुन्हा सुरू झाली तशी ती सांगितली. अक्काकडून आता हुंकारही येत नव्हता, पण फोन चालू होता, बुडबुडे ऐकू येत होते, म्हणून मी बोलत राहिलो, अगदी शेवटच्या झेंड्यापर्यंत. त्यानंतर जरा वेळानं फोन बंद झाला.

सकाळी तिला वरच्या मजल्यावर मशीनच्या वॉर्डात हलवलं. त्याच आठवड्यात ती गेली. दाजींना लांबून दाखवली. मला कुणी दाखवलीच नाही.

थोड्याच दिवसांत अखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाची घागर भरतात. कुंभारांची दुकानं बंद होती, तेव्हा दाजींनी घरातलाच पिण्याचा माठ रिकामा केला, धुतला आणि मांडला. लेकी ज्या दिवशी माहेरी येतात त्याच दिवशी मेलेलेही येतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण तोवर ते दोन वेगळे सण असल्यासारखे होते. त्यानंतर दरवर्षी मी सावद्याला जातो. मुऱ्हाळी म्हणूनच जातो, फक्त येताना बाजूची जागा रिकामी असते. दाजी आणि मी जेवतो, पिकाचं बोलतो, भाच्याच्या नोकरीचं बोलतो. तिचं फार बोलत नाही. शर्यतींचा विषय आमच्यात कधीच नव्हता. दाजींच्या लेखी तो बायकोचा माहेरचा काहीतरी छंद होता, लोणच्याच्या वेगळ्या मसाल्यासारखा.

यंदा गेलो तेव्हा ओट्यावर एक बाई बसलेल्या होत्या. साठीच्या पुढच्या, काठीला टेकून. मुक्ताईनगरच्या, दाजी म्हणाले. दवाखान्यात अक्काच्या शेजारच्या खाटेवर त्या होत्या. बऱ्या होऊन घरी गेल्या, पण पत्ता मिळवायला आणि यायला त्यांना इतकी वर्षं लागली. आता जावयानं गाडीनं आणून सोडलं होतं. दाजींनी माझी ओळख करून दिली, हिचा भाऊ, धुळ्याचा. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"फोनवर तुमीच होते का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी अक्काच्या हातात फोन धरवेना, म्हणून तिनं तो त्यांच्याकडे दिला. दोन खाटांच्या मध्ये हात लांब करून त्या तो तिच्या कानाशी धरून बसल्या. गाड्या थांबल्यावर थोड्या वेळानं अक्काला ग्लानी आली. डोळे मिटण्याआधी ती बाईंना म्हणाली होती, माझा डोळा लागला तर तुम्ही ऐकून ठेवा, मला सकाळी सांगा. म्हणून त्यांनी फोन स्वतःच्या कानाला लावला.

"मले काही समजलं नाही त्यातलं," बाई म्हणाल्या. "पन तुमी बोलू राह्यले होते. मी म्हटलं, बोलू द्या. पुरं ऐकलं मी. पहाटे मले झोप लागली. उठली त खाट खाली होती. तिले सांगाचं राहूनच गेलं."

त्या सांगायला लागल्या. दाजी घागरीपाशी तांब्या घेऊन उभे होते, ते तसेच थांबले. बाई म्हणाल्या, पाऊस होता. सगळ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, माणसं छत्रीखाली. मग पुन्हा पळायला लागल्या. एक काळी गाडी घसरून पार मागे पडली होती, ती एकेकीला मागे टाकत वर यायला लागली. तुम्ही म्हणत होता, अक्का, आली बघ, अजून एक मागे टाकली. मग तुम्हाला खोकला आला आणि पुढचं मला नीट लागलं नाही.

बागेकडून वारा येत होता आणि पानांचा फडफडाट चालला होता. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला शर्यतीबद्दल काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"मग ती गाडी पह्यली आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दुसरी आली."

दाजींनी मान हलवली, आणि वाकून घागरीत पाणी ओतायला सुरुवात केली.